ठिपक्यावरची झोपडी

सानलूकारसमोरचा काठ
३ मार्च १९८४

अरासेली,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर. आधी ऐक.

काल बर्नाबे आला होता. आपल्या शेजारच्या पात्रोचा बर्नाबे. ज्याची नाळ मी माझ्या हातानं कापली तोच. आता आपल्याभोवती केलेल्या त्या राष्ट्रीय उद्यानाचा रखवालदार झालाय. हिरवा डगला, छातीवर बिल्ला, पायात असे बूट की वाळूत चालताना गाभण गाईसारखा डुलतो. दारात आला आणि बाहेरूनच टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, "आत ये की गाढवा, उंबऱ्याला काय काटे आहेत?"

तर म्हणतो, "आजी, आज मी कामावर आहे."

कामावर असलं की माणूस उंबरा ओलांडत नाही, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

मग त्यानं कागद काढला आणि मला वाचून दाखवायला लागला. मी हिसकावून घेतला. दीपगृहवाल्याच्या बायकोनं मला तिसाव्या वर्षी अक्षरं शिकवली आणि मी तिला ससा सोलायला शिकवलं. तिचा धडा कच्चा राहिला, माझा पक्का आहे. कागदावर असं होतं: झोपडी क्रमांक चार, राहणारी रेग्ला बारेरा, विधवा. नकाशात दाखवलेल्या जागी ती हयात असेपर्यंत राहता येईल. त्या जागेबाहेर नवीन बांधकाम करता येणार नाही.

म्हटलं, "बर्नाबे, मागं ये." मागच्या कुडापासून वाळूच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत त्याला चालत नेलं. सहा पावलं. गेल्या मार्चमध्ये अकरा होती. म्हणजे पुढच्या मार्चला वाळू कुडाला टेकली, मग माझ्या चुलीत. या उन्हाळ्यात झोपडी उतरवायची आणि दुसरीकडं उभी करायची, हे मी केव्हाच ठरवलंय. माझ्या आईनं एकोणिसशे एकोणीस साली हेच केलं. मी नऊ वर्षांची होते, डोक्यावर पातेलं घेऊन चालले. आईनं कुणाला विचारलं नव्हतं. वाळूला विचारायची सोय नसते, मग बाकीच्यांना कशाला विचारायचं? वाळू आली की माणूस उठतो आणि दुसरीकडं बसतो. खुडूक कोंबडीलाही एवढं कळतं.

बर्नाबे म्हणाला, "आजी, नकाशावर ठिपका आहे. ठिपक्याबाहेर एक खांबसुद्धा रोवायचा नाही."

"आणि ठिपक्यावर वाळू आली की?"

त्यानं बुटांवरची वाळू झटकली. मग म्हणाला, "मग झोपडी राहिली नाही. आणि झोपडी नाही तर हक्क नाही."

तू तिकडं सेव्हियात नकाशांच्याच कचेरीत बसतेस ना? मग शोध, हा ठिपका कोणत्या दीडशहाण्यानं काढला. मला नाव हवंय. पत्ता मिळाला तर उत्तम.

आशीर्वाद उरलेला नाही.

रेग्ला


सेव्हिया
१४ मार्च १९८४

प्रिय आजी,

तुझं पत्र मासेवाल्या एउलोखियोनं तीन दिवस खिशात ठेवलं होतं. त्याला खेकड्यांचा वास येतोय, पण राग अजून ताजा आहे.

बर्नाबेवर चिडू नकोस गं. तो हुकमाचा माणूस. त्यानं कागद आणला नसता तर दुसऱ्या कुणीतरी आणला असता, आणि त्याला तू गाढव म्हणू शकली नसतीस.

ठिपका कुणी काढला ते शोधणं सोपं नाही. इथं नकाशावर चार-पाच जण काम करतात. विमानातून काढलेले फोटो येतात, त्यावरून कुणी एक रस्ते काढतं, कुणी पाणी, कुणी घरं. आणि आजी, एक लक्षात घे, तो ठिपका वाईट हेतूनं काढलेला नसणार. ठेवायच्या झोपड्यांची यादी झाली तेव्हा पुष्कळांचं म्हणणं होतं की आत एकही माणूस नको, नुसती हरणं आणि पक्षी. ठिपका होता म्हणून तुमच्या बारा झोपड्या तरी राहिल्या.

बाबा म्हणतात, तू इकडंच ये. बस डेपोच्या मागं नव्या इमारती झाल्यात, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, नळाला पाणी, दिव्याला बटण. त्यांनी सांगितलं म्हणून लिहिते. मला माहीत आहे तू काय म्हणशील.

मी वरच्या साहेबांशी बोलून बघते. डॉन सेव्हेरियानो तसा ऐकणारा माणूस आहे. धीर धर, आणि कुणावर काही फेकू नकोस.

तुझी
अरासेली


२५ मार्च १९८४

अरासेली,

फेकलं. तुझं पत्र उशिरा आलं.

सोमवारी बर्नाबे परत आला, मोजपट्टी घेऊन. म्हणे झोपडीची लांबी-रुंदी लिहायची. मी शिंपले धूत होते. ते पाणी त्याच्या बुटांवर गेलं. मुद्दाम गेलं. पात्रो तिकडून ओरडली, "रेग्ला, माझ्या पोराला काय करतेस?" मी म्हटलं, "तुझ्या पोराला आंघोळ घालतेय, लहानपणी तू घातली नाहीस म्हणून." आता पात्रो माझ्याशी बोलत नाही. पन्नास वर्षं आम्ही एका पाण्यावर राहिलो.

हे त्या ठिपक्यानं केलं. अजून वाळू यायची आहे आणि शेजार मोडला.

तुझ्या बापाला सांग, तिसऱ्या मजल्यावर मला ठेवायचं असेल तर आधी खाली उतरायचं कसं तेही ठरव, कारण मी मेल्यावर मला चार जण जिन्यातून वाकडी करून उतरवतील. मी एकदाच गेले होते त्याच्याकडं, आठव. भिंतीपलीकडचा माणूस खोकला तर मी त्याला पाणी विचारलं, आणि तो घाबरला. अशी वस्ती.

आणि तू मला काय शिकवतेस की ठिपका होता म्हणून आम्ही राहिलो? आम्ही राहिलो म्हणून इथं राखण राहिली. कोणत्या पाइनाच्या शेंड्यावर गरुडाचं घरटं आहे, रानडुकरं पाण्यावर कुठून येतात, उन्हाळ्यात दलदल सुकली की घोड्या कुठं रुततात, हे त्या फोटोवाल्यांना कुणी सांगितलं? गेल्या साली एक घोडी छातीपर्यंत चिखलात गेली, तेव्हा विमान आलं नव्हतं. आम्ही सात बायका दोर घेऊन गेलो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला आवडली नाही. तू लिहितेस, ठिपका वाईट हेतूनं काढलेला नसणार. तुला काय माहीत हेतू? त्याच्या बाजूनं इतकं का बोलतेस? तुझ्या शेजारच्या टेबलावर बसतो का तो? देखणा आहे का? असला तर आधी सांगते, ज्याला झोपडी म्हणजे काय कळत नाही त्याच्याशी लग्न करू नकोस.

नाव कळव.

रेग्ला


सेव्हिया
८ एप्रिल १९८४

आजी,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं.

तो ठिपका मी काढला.

चार वर्षांपूर्वी, मी नवीन लागले होते तेव्हा. माझ्यासमोर दोन फोटो ठेवले, एक छप्पन्न सालचा, एक सत्त्याहत्तरचा. काम असं होतं की दोन्हींत दिसतात ती घरं जुनी, त्यांना ठेवायचं. एकातच दिसतात ती खोडायची. तुझी झोपडी दोन्हींत होती, त्याच जागी. मी भिंग लावून बघितलं, अंगणातलं गाढवसुद्धा दिसलं. मला इतका आनंद झाला! मी सगळ्यात टोकदार पेन घेतलं आणि अगदी मधोमध ठिपका काढला, की कुणालाही हलवता येऊ नये. डॉन सेव्हेरियानो म्हणाले, "इतकी अचूक खूण मी पाहिली नाही." मी बाबांना पेस्ट्री आणली त्या दिवशी.

अजून एक सांगायचं आहे. पात्रोमावशीची झोपडी छप्पन्नच्या फोटोत एका जागी होती आणि सत्त्याहत्तरच्या फोटोत दोनशे मीटर पलीकडं. मला वाटलं जुनी मोडली आणि ही कुणीतरी नवी बांधली. मी तिच्यापुढं प्रश्नचिन्ह घातलं. नशीब, दुसऱ्या कुणीतरी ते पुसलं. ती तीच झोपडी होती ना? चालून गेलेली?

मी सहा वर्षांची असताना बाबा मला इकडं घेऊन आले. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नाही.

बर्नाबेचा यात काही दोष नाही.

अरासेली


१२ एप्रिल १९८४

अरासेली,

पात्रोकडं गेले. तिला सांगितलं, माझ्याच रक्तानं केलंय, तुझ्या पोराचे बूट आणून दे, चरबी लावून देते. तिनं दिले. काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तू आता मला पत्र लिहू नकोस. काम कर. तू काढलास, तूच सोडव.

रेग्ला


सेव्हिया
३० मे १९८४

प्रिय आजी,

सोडवलं! लिहू नकोस म्हणालीस, पण आता लिहिते.

सहा आठवडे मी डॉन सेव्हेरियानोंच्या मागं लागले होते. सकाळी त्यांच्या कॉफीच्या आधी, संध्याकाळी त्यांच्या टोपीच्या आधी. शेवटी ते म्हणाले, "पोरी, तू माझ्या बायकोपेक्षा वाईट आहेस. आण तो कागद." काल सही झाली.

तुझ्या झोपडीला जागा बदलायला परवानगी आहे. टेकडीच्या पुढच्या दिशेला, चाळीस मीटर आत, पाइनांच्या कडेला. लाकूड तेच वापरायचं, नवीन झाड तोडायचं नाही, एवढीच अट. कुठल्याही झोपडीला अशी परवानगी आजवर मिळालेली नाही. बाबांनी हुकूम दोनदा वाचायला लावला.

हुकमाची नक्कल सोबत जोडते आहे. बर्नाबेला दाखव आणि नीट जपून ठेव, कोंबड्यांपासून लांब.

आता तरी आशीर्वाद?

तुझी
अरासेली


९ जून १९८४

अरासेली,

तुझा कागद वाचला. पुढचं पान वाचलं आणि मागचंही. नक्कल करणाऱ्यानं मागचं पानही उतरवलंय हे तू बघितलं नाहीस बहुतेक. तुझ्या कचेरीतली माणसं अशी अचूक.

मागच्या पानावर लिहिलंय: टेकडीचा वेग, वर्षाला सुमारे चार मीटर. चाळीस मीटर म्हणजे दहा वर्षे. राहणारीचे वय चौऱ्याहत्तर. पुरेसे आहे. खाली अ. ब. अशी अक्षरं. अरासेली बारेरा. माझंच आडनाव.

पुरेसे आहे!

बाई, मी बकऱ्या विकल्या, कोळसा विकला, बाजारात दात बघून गाढवं घेतली. माझे दात आजवर कुणी बघितले नव्हते. तुला वाटलं, म्हातारी दहा वर्षांत जाईल, वाळू आणि ती बरोबरच पोचतील, झंझट मिटेल. माझं मरण तू भागाकारानं काढलंस आणि वर मला आशीर्वाद मागतेस?

मी चौऱ्याऐंशीची झाले आणि मेले नाही, मग? काठी टेकत वाळू उपसू? की तुम्ही येऊन म्हणाल, आजी, हिशेब चुकला, तुमच्याकडून सहकार्य झालं नाही?

आणि ते सोड. तुला एवढं शिकवलं, टेबल दिलं, भिंग दिलं, आणि वाळू कुठं जाते ते कळलं नाही? पुढं! टेकडीच्या तोंडासमोर! येणाऱ्या गाडीसमोरून उठून चार पावलं त्याच रस्त्यावर पुढं जाऊन बसायचं, असं कोण करतं? झोपडी टेकडीच्या पाठीमागं न्यायची असते. समुद्राकडच्या बाजूला. तिथं वाळू येऊन, बसून, निघून गेलेली असते. खाली ओल असते, हातभर खणलं की पाणी. जुनी मेलेली पाइनं उघडी पडलेली असतात, क्रूस म्हणतो आम्ही त्यांना, सरपणाला तीच. आणि पुढची टेकडी तिथून तीनशे पावलं लांब. वर्षाला पाच पावलं चालते. तुला भागाकार येतो, कर.

साठ वर्षं. माझ्या आईनं मला साठ वर्षांची जागा दिली होती, ती पासष्ट पुरली. तू मला दहाची आणलीस, सहीशिक्क्यानं.

तुझा कागद कोंबड्यांनी खाल्ला नाही. मी चुलीत घातला. झोपडी पाठीमागं जाणार. सान हुआनचा सण झाला की दोन दिवसांनी. तुझ्या साहेबाला सांगायचं तर सांग.

रेग्ला


सेव्हिया
१५ जून १९८४

आजी,

हो, मोजलं! मीच मोजलं. कारण त्या खोलीत "माझी आजी आहे" हे कुणाला ऐकू येत नाही. आकडा लागतो. पाठीमागं न्यायची म्हटलं असतं तर तो भाग समुद्रकाठच्या राखीव पट्ट्यात जातो, तिथं गवताचं पातं हलवायला मनाई आहे, आणि त्यांनी सगळीच फाईल बंद केली असती. मी विचारलं होतं. तुला काय वाटतं, मी विचारलं नसेन? ते हसले. मग मी जे मिळेल ते घेतलं, आणि ते मिळवायला जो आकडा चालेल तो लिहिला. लिहिताना माझा हात कसा होता ते तुला माहीत नाही. तू फक्त अक्षर बघितलंस.

तुझ्यासारखं मला कुणाच्या बुटांवर पाणी फेकता येत नाही. मला तिथं रोज सकाळी जावं लागतं.

पाया पडते, पाठीमागं नेऊ नकोस. परवानगी आहे तिथं जा. पाठीमागं नेलीस तर दहा वर्षंही मिळायची नाहीत. ते येतील आणि पाडतील, आणि मला त्याच नकाशावर फुली मारायला सांगतील.

अरासेली


२ जुलै १९८४

अरासेली,

झोपडी पाठीमागं उभी आहे.

तुझं पत्र सव्वीस तारखेला सकाळी आलं, तेव्हा छप्पर उतरलं होतं. वाचायला वेळ नव्हता, संध्याकाळी वाचलं. चिडतेस तेव्हा बरी लिहितेस. आधीची पत्रं साखरपाण्याची होती.

सतरा माणसं आली. मी कुणाला बोलावलं नाही, झोपडी उतरताना दिसली की येतात. पात्रो सगळ्यात आधी आली, विळा घेऊन, आणि म्हणाली, "बघत काय बसलीस? उन्हं चढतायत." तीन महिन्यांत तिचा पहिला शब्द. काठावर शिंपले वेचणारे दोन भाऊ आले, कोळसेवाले आले, दोन खेचरं आली. आधी चूल विझवली, निखारे मडक्यात घेतले. मग शाकारणी उतरवली, पेंढ्या मोजून बांधल्या. मग कूड. मग वासे. शेवटी आढं. सबीनाचं लाकूड आहे, माझ्या आजोबांनी घातलेलं, कीड लागत नाही. ते टेकडीवर चढवताना आठ जणांचे श्वास ऐकू येत होते. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि दोन चढलीस की एक खाली येतेस.

दुपारी टेकडीच्या माथ्यावर बर्नाबे. डगला, बिल्ला, बूट. बूट चकाकत होते, चरबी मीच लावलेली. सगळे थांबले. आढं खांद्यावर, घाम डोळ्यांत, आणि हा उभा. पात्रोनं आपल्या पोराकडं असं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हटलं, "बोल बाबा. कामावर आहेस ना?"

त्यानं डगला काढला, तिथल्या एका क्रूसाला अडकवला आणि म्हणाला, "जेवायची सुटी आहे." आणि आढ्याखाली घुसला. त्याची जेवायची सुटी सूर्य बुडेपर्यंत चालली.

संध्याकाळी चूल पेटली. छपराच्या अर्ध्याच पेंढ्या चढल्या होत्या, पण धूर निघाला. धूर निघाला की ते घर. सगळ्यांनी पाव-टोमॅटोचं गार गास्पाचो खाल्लं आणि कुणीतरी गायला लागलं, फार वाईट. मी हाकललं.

दुसऱ्या दिवशी बर्नाबे परत आला, डगला घालून. आत आला, बसला. कॉफी घेतली. मग माझ्यासमोरच अहवाल लिहायला लागला: झोपडी क्रमांक चार ठिपक्यावर नाही, टेकडीच्या पश्चिमेस आहे. मान वर करून विचारतो, "आजी, मी मदत केली तेही लिहू का?"

मी म्हटलं, "लिहायचं तर सगळं लिही. अर्धं लिहिणारी आमच्या घरात एक आहे, तेवढी पुरे."

त्यानं लिहिलं. ते पाकीट तुझ्या कचेरीत येईल. उघडशील तेव्हा हात कसा आहे ते बघ आणि मला कळव. या वेळी अक्षर बघणार नाही.

रेग्ला


सेव्हिया
२० जुलै १९८४

आजी,

अहवाल सोमवारी आला. डॉन सेव्हेरियानोंनी मला आत बोलावलं, दार लावलं.

ते रागावले नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "हे बघ, यातून वाट आहे. तू नवीन होतीस, ठिपका चुकीच्या जागी पडला. झोपडी पहिल्यापासून टेकडीच्या पश्चिमेलाच होती. चूक दुरुस्त केली असं लिही, नवा ठिपका काढ, मी सही करतो. तुझी आजी सुखात, तू सुखात, आणि मला वर काही सांगावं लागत नाही." पेनही त्यांनीच उघडून दिलं.

मी ते कागदाला टेकवलंही होतं. खोटं बोलत नाही, एक अक्षर लिहिलं होतं.

मग मला दिसलं की साठ वर्षांनी, किंवा पात्रोमावशीच्या झोपडीला दोन वर्षांनीच, परत कुणीतरी म्हणेल, ठिपका तो ठिपका. मी ते अक्षर खोडलं आणि लिहिलं: झोपडी हलली आहे. झोपडी तीच आहे. इथल्या झोपड्या हलतात. आणि छप्पन्न आणि सत्त्याहत्तरचे दोन फोटो काढून टेबलावर ठेवले, पात्रोमावशीच्या झोपडीवर बोट ठेवलं.

ते म्हणाले, "म्हणजे बाराही झोपड्या हव्या तिकडं चालायला लागतील?"

मी म्हटलं, "हव्या तिकडं नाही, साहेब. पाठीमागं."

त्यांनी भिंग घेतलं. खूप वेळ बघितलं. मग सही केली. राखीव पट्टा असला तरी बारा झोपड्यांना वाळू आली की टेकडीच्या पाठीमागं जाता येईल. बर्नाबेला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पण आजी, त्यांनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. झोपडी क्रमांक चार, राहणारीच्या मृत्यूनंतर पाडण्यात यावी. बाकी अकरांनाही तसंच. मी भांडले. ते म्हणाले, याच्या पलीकडं त्यांच्याही हातात नाही. आणि मला नकाशाच्या टेबलावरून तळमजल्यावर नकलांच्या खोलीत पाठवलं. तिथं खिडकी नाही. आता मी दुसऱ्यांच्या ठिपक्यांच्या प्रती काढते.

हात कापत होता. विचारलंस म्हणून.

तू माझ्यावर अजून चिडलेली असशील तर चीड. पण त्या ओळीवर चिडताना जपून, तुझं रक्त वर चढतं.

अरासेली


२९ जुलै १९८४

अरासेली,

चिडलेली आहेच. तू एक अक्षर लिहिलंसच कसं? कोणतं होतं ते? जाऊ दे, सांगू नकोस, मला त्या अक्षराचाही राग यायचा.

खोडलंस ते ठीक केलंस. पात्रोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी शहरात राहून पूर्ण बिघडली नाही." मी म्हटलं, "पाऊण." त्यावरून आमचं थोडं वाजलं.

तळमजल्याला खिडकी नाही म्हणून रडू नकोस. माझ्या झोपडीलाही नाही. तुझ्या बापाचा जन्म अशाच खिडकीशिवायच्या झोपडीत झाला, तरी तो आंधळा निघाला नाही, फक्त आळशी निघाला.

आता ती ओळ. तुझ्या साहेबाला वाटलं असेल, म्हातारीला मोठी धमकी दिली. मृत्यूनंतर पाडण्यात यावी! बाई गं, आमच्या घराण्यात प्रत्येक पिढीनं ही झोपडी एकदा पाडलीय. आजोबांनी पाडली, आईनं पाडली, महिन्याभरापूर्वी मी पाडली. पाडल्याशिवाय ती चालणार कशी? पाडा म्हणावं. फक्त पाडायला कोण येतं ते आम्ही ठरवू. त्यांची माणसं कोयते घेऊन टेकडी चढून येईपर्यंत आमची सतरा जमलेली असतील, आणि सूर्य बुडायच्या आत कुठून तरी धूर निघालेला असेल. मग शोधा म्हणावं ठिपका.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही, आता मी सांगते. आढ्याचं जाड टोक घरच्या माणसानं धरायचं असतं. परक्यानं धरलं तर चालतं, पण लोक बघतात. सव्वीस तारखेला ते बर्नाबेनं धरलं. लोकांनी बघितलं.

तेव्हा मी मेले अशी तार आली तर फुलं घेऊन येऊ नकोस, आणि काळा झगाही नको, वाळूत पायात येतो. जुने बूट घाल. खांद्यावर ठेवायला एक जाड फडकं आण.

आशीर्वाद.

रेग्ला